अकरावी खुंटी

ओल्डेनवेर्ड, १२ जानेवारी १९२९

प्रिय आलेडा,

तुझं पत्र मिळालं. प्रकृतीला जप. सहावा महिना म्हणजे आता जिने चढणं बंद कर आणि बास्टियानला पाणी भरायला लाव. ट्राम चालवून दमतो म्हणतो, पण ट्राम रुळावरून आपली आपणच जाते, हे त्याला माझ्याकडून सांग.

बाबांचं विचारलंस. ते बरे आहेत. आमचा जीव मात्र टांगणीला लागलाय. मंगळवारी नगरपालिकेची सभा झाली. इतिवृत्त लिहायला मीच बसलो होतो, त्यामुळे शब्द न् शब्द कानांनी ऐकला. नदीचं वळण सरळ करायचं ठरतंय. तटाबाहेरची अकराही घरं पाडणार, म्हणजे अख्खा आपला बाहेरघाट. दहा घरांनी सह्या केल्यात, त्यांना स्टेशनमागे नवी घरं मिळतायत. अकरावं घर आपलं. बाबा म्हणतात, "गाव वसलं ते घाटावर. व्यापारी मागून आले, त्यांनी तट बांधला आणि आम्हालाच बाहेर ठेवलं. आता म्हणे आम्ही नदीच्या वाटेत!" इतिहास म्हणून त्यांचं खरंच आहे. जुन्या दफ्तरात मी स्वतः वाचलंय. पण ते सभेत कोण ऐकतो?

बांधकामाचे सभापती व्रीलिंक यांनी त्याच सभेत आणखी एक ठराव मंजूर करून घेतला. पूर आला की वेशीच्या आतल्या फळीवर घाटकऱ्यांनी घराच्या किल्ल्या टांगायच्या, ही आपली पद्धत तुला माहीत आहेच. अकरा खुंट्या भरल्या की घाट रिकामा झाला असं समजून वेस बंद. आता नवीन कलम असं, की वेस बंद होताना ज्याची खुंटी रिकामी असेल त्याचा घरावरचा हक्क संपला. पूर्ण सभागृहाला ठाऊक होतं हे कलम कुणासाठी आहे. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

माझ्याकडे राहायला ते यायचे नाहीत. "पालिकेच्या पगाराचं सूप मला पचत नाही," म्हणतात. तुझी वहिनी दर गुरुवारी वाटाण्याचं सूप करते, मी नेऊन देतो, ते माझ्यासमोर पातेलं चाटून पुसून संपवतात आणि वर हे ऐकवतात! घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, म्हणजे ते पाण्याची पातळी बघायला गेले असले तरी मला सूप आत ठेवता येतं.

तू त्यांना या हिवाळ्यात रॉटरडॅमला बोलावणार होतीस ना? त्यांना विचारलं तर म्हणाले, "तिथल्या नदीला दिवसातून दोनदा भरती येते. असली थिल्लर नदी मला चालत नाही." हा काय हट्ट! तू पुन्हा एकदा लिही. तुझं ऐकतील.

तुझा,
लुबर्ट


रॉटरडॅम, १८ जानेवारी

प्रिय लुबर्ट,

मी लिहिलं होतं. आता ते नाही म्हणतात तर मी काय करू? पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. बाबांना तू ओळखतोसच.

इथे घर म्हणजे दीड खोली, मालकीण खालीच राहते आणि जिन्यावर कुणी शिंकलं तरी वर येऊन विचारते. असो.

मला पूर नाही, ते नवीन कलम खुपतंय. एकतीस वर्षं त्या माणसाने रोज सकाळी घाटाच्या टोकाला जाऊन दगडावरची पातळी वाचली आणि चिठ्ठी लिहून पालिकेत पोचवली. एक दिवस चुकवला नाही. आई गेली त्या सकाळीसुद्धा गेले होते, मी त्यांच्यावर केवढी ओरडले होते, आठवतं? आणि मग पालिकेने एक घड्याळासारखं यंत्र आणून बसवलं आणि सांगितलं, आता तुम्ही नको. त्याच पालिकेत तू टाक झिजवतोस. रागावू नकोस, मी टोमणा मारत नाहीये. किंवा मारतेय. तुला कळेल.

मला एक वचन दे. पाणी चढलं की दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस. तू स्वतः जा, हाताला धरून त्यांना वेशीच्या आत आण. भांडले तर भांडू देत. एवढं केलंस तर मी इथे सुखाने बाळंत होईन.

आलेडा


ओल्डेनवेर्ड, १० फेब्रुवारी

प्रिय आलेडा,

दिलं वचन. बाबांना मी स्वतः आत आणीन.

नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली आहे. अर्धं गाव बर्फावर घसरायला येतं, व्रीलिंकसुद्धा आले होते, पाय पसरून बसले ते तिघांनी उचलले तेव्हा उठले. बाबा घाटावरून बघत होते. हसले नाहीत, फक्त म्हणाले, "सभापती, बर्फाला ठराव कळत नाही हो." मला हसू आवरेना, पण मला आवरावं लागलं.

यंत्र गोठून बंद पडलंय. बाबा रोज जाऊन बर्फात भोक पाडतात, पातळी वाचतात आणि चिठ्ठी लिहून खिशात ठेवतात. पालिकेत द्यायची नाही असं त्यांनी ठरवलंय. "ज्याला हवी तो मागायला येईल." अजून कुणी मागायला गेलेलं नाही. मी मागितली, तर मला दिली नाही.

बर्फ फुटेल तेव्हा खरी परीक्षा. वरच्या अंगाने तुकडे येऊन वळणावर अडकले, की पाणी तासाभरात घरात शिरतं. पण वेशीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ केल्यात, त्यांत आडव्या बसवायच्या फळ्यांच्या दोन रांगा मोजून ठेवल्यात, दोन रांगांच्या मधे भरायला लीदही आणून ठेवलीय. गावभर तिचा वास सुटलाय. आमची तयारी आहे, काळजी करू नकोस.

लुबर्ट


ओल्डेनवेर्ड, ९ मार्च

प्रिय आलेडा,

तार तुला पोचलीच असेल. डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, ते बरंच झालं. दफन काल झालं. बाबांना आईशेजारी ठेवलं. गाव लोटलं होतं, नगराध्यक्ष आले होते.

झालं ते असं. शनिवारी २ मार्चला सकाळी आठला घंटा झाली. बर्फ वळणावर अडकला होता आणि पाणी वेगाने चढत होतं. घाटकरी आत आले. दहाच्या सुमाराला अकराही किल्ल्या खुंट्यांवर होत्या, म्हणून नियमाप्रमाणे वेस बंद केली. बाबा किल्ली टांगून पुन्हा बाहेर गेले असावेत. चौकशी समितीने सगळ्यांना विचारलं आणि तोच निष्कर्ष काढला. कुणाचाही निष्काळजीपणा नाही असं लिहिलंय. सोमवारी सापडले, जुन्या धक्क्यापाशी.

शेजारच्या ग्रीटाकाकूने त्यांचे कपडे वाळवून बांधून ठेवलेत. तुला पाठवते म्हणाली.

प्रकृतीला जप.

लुबर्ट


रॉटरडॅम, १९ मार्च

लुबर्ट,

तुझं पत्र मी आठ-दहा वेळा वाचलं. ते तुझ्यासारखं नाहीच. पालिकेच्या फाईलमधून फाडून पाठवल्यासारखं आहे. आधी वाटलं, दुःखात माणूस असं लिहितो. "निष्कर्ष काढला" असं आपल्या बापाबद्दल कुणी लिहितं का रे?

काल ग्रीटाकाकूचं गाठोडं आलं. निळा कोट, दोरीने बांधलेला. मी त्यात तोंड खुपसून बसले, नदीचा वास अजून जात नाही. मग खिसे बघितले. काकूने काही काढलं नव्हतं. एका खिशात चिठ्ठी होती, शाई पसरलेली, पण त्यांचे आकडे मला कळतात. "साडेनऊ. तासात चाळीस सेंटीमीटर." खाली रेघ मारून लिहिलं होतं, "पालिकेला सांगणे."

दुसऱ्या खिशात किल्ली होती. पितळी चकतीवर अकरा.

त्यांनी किल्ली टांगलीच नव्हती, लुबर्ट. ती त्यांच्याजवळ होती. मग खुंटीवर कुणाची होती?

मला माहीत आहे कुणाची. तू जानेवारीतच लिहिलं होतंस. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. यावेळी सभेच्या भाषेत लिहू नकोस.

आलेडा


ओल्डेनवेर्ड, २३ मार्च

आलेडा,

माझी होती.

आता सगळं सांगतो. तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती समजते मी बापाच्या दुःखाने जेवत नाही.

घंटा झाली तसा मी धावत बाबांकडे गेलो. वचन दिलं होतं तुला. ते बूट बांधत होते. मी म्हटलं, "चला." ते म्हणाले, "तू हो पुढे, तुझी जागा वेशीत आहे. माझ्यामुळे तुझी नोकरी जायला नको. मी पातळी बघून आलोच." मी दंड धरला. त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "लुबर्ट, मी काय लहान आहे का?" खूप दिवसांनी माझ्याशी प्रेमाने बोलले होते गं. मी ऐकलं त्यांचं. हात सोडला.

वेशीत मी वही घेऊन उभा राहिलो. किल्ल्या एकेक येत गेल्या. साडेनऊनंतर खुंट्यांवर दहा किल्ल्या झाल्या. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. हार्म आणि त्याची माणसं फळ्या उचलून उभी होती. व्रीलिंक घड्याळ काढून आले. किल्ल्यांच्या फळीकडे बघून म्हणाले, "अकरावी रिकामी. लिहा, गैरहजर." मी म्हटलं, पाच मिनिटं थांबू. ते म्हणाले, "हे तुमचं घरचं काम नाही." तेवढ्यात हार्म म्हणाला, "म्हातारा आत आलाय, मघाशी चर्चपाशी दिसला. निळी टोपी." निळी टोपी गावात निम्म्या म्हाताऱ्यांना आहे, आलेडा. मला हे तेव्हाही माहीत होतं. पण मला पटवून घ्यायचं होतं.

माझ्या मनात एवढंच आलं, की मी "गैरहजर" लिहिलं तर बाबांचं घर गेलं, आणि ते माझ्या हाताने गेलं. ते आत असतील, किल्ली टांगायचं विसरले असतील किंवा मुद्दामच टांगली नसेल, व्रीलिंकला खिजवायला. मी फळीकडे पाठ करून उभा राहिलो आणि खिशातली माझी किल्ली खुंटीवर अडकवली. मग वळून म्हणालो, "आहे की, अकरावी. नीट बघा." व्रीलिंकने घड्याळ मिटलं. फळ्या खाचांत पडल्या.

आपल्या गावात माणसं मोजत नाहीत, किल्ल्या मोजतात. शेकडो वर्षांत कुणी तपासलं नाही, कारण दुसऱ्याची किल्ली टांगेल कोण? मी त्यांचं घर वाचवायला गेलो.

दुसरी रांग लावून मधे लीद भरून झाली तेव्हा बाहेरून ठोकल्याचा आवाज आला. हार्म म्हणाला, "बर्फ आदळतोय." सगळे म्हणाले, बर्फच. मीही म्हणालो. बर्फ असा ठोकत नाही. तीनदा ठोकून थांबत होतं, मग पुन्हा तीनदा. तटावर चढायला वीस पायऱ्या आहेत. वर गेलो असतो तर खाली दोर टाकता आला असता. पण वर धावणं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करणं, की ती किल्ली माझी. मी तिथेच वही धरून उभा राहिलो. किती वेळ, मला सांगता येत नाही. आवाज थांबल्यावर वर गेलो. खिडक्यांपर्यंत पाणी होतं आणि नुसता बर्फ.

दुसरं काही नाही. हे असं झालं.

लुबर्ट


ओल्डेनवेर्ड, ११ एप्रिल

आलेडा,

तुझं उत्तर नाही. मला समजतं. पण मंगळवारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, दुसऱ्या कुणाला सांगणार?

गावात मला कुणी काही म्हणत नाही, हे फार वाईट आहे. बायका केक घेऊन येतात. चर्चमध्ये लोक माझ्या बाजूला सरकून बसतात, प्रवचनात चघळायचं पेपरमिंट हातात ठेवतात. हार्म तर रडला माझ्याजवळ. "वडील बाहेर असताना तू कर्तव्य केलंस," म्हणतो. मी त्याला ढकलून दिलं, तरी त्याला वाटलं दुःखानेच.

मंगळवारी सभा होती. ठरवून गेलो होतो, आज सगळ्यांसमोर सांगायचं. नोकरी जावो, तुरुंगात जावं लागो, गावाने तोंडावर थुंकावं, पण कुणीतरी म्हणावं की हे या माणसाने केलं. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करणे. मीच वाचलं. "अकराही किल्ल्या खुंट्यांवर होत्या." हात वर झाले, मंजूर. तेव्हा मी लेखनिकाच्या टेबलामागे उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, अकरावी किल्ली माझी होती. बाबांची त्यांच्या खिशात होती, ती माझ्या बहिणीकडे आहे. ते बाहेर आहेत की नाही हे न बघता मी वेस बंद करवली."

मला वाटलं, आता. नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लुबर्ट, लेखनिकाला सभेत बोलण्याचा अधिकार नाही. आणि इतिवृत्त आत्ताच मंजूर झालेलं आहे. मंजूर इतिवृत्तात बदल होत नाही." मी म्हटलं, "पण ते खोटं आहे." व्रीलिंक अगदी हळू बोलले, "पाणी द्या रे त्यांना. बसा लुबर्ट, तुम्हाला बरं नाही." आणि पुढचा विषय पुकारला. नदीचं वळण सरळ करणे. विरोध करणारा अकराव्या घराचा मालक आता नाहीच. एकमताने मंजूर.

आणि मी काय केलं, सांगू? खाली बसलो आणि लिहिलं. "विषय दोन. विरोध, शून्य." मी जे बोललो ते लिहायचं राहिलं, कारण अधिकार नसलेल्याचं बोलणं इतिवृत्तात घेत नाहीत. हे मलाच सर्वांत चांगलं माहीत आहे, बारा वर्षं मीच ते गाळत आलोय.

आलेडा, या गावात मला कुणी अपराधीसुद्धा होऊ देत नाही. तू तरी म्हण. एका ओळीत लिही, की मी केलं. मग पुन्हा कधी लिहिलं नाहीस तरी चालेल.

लुबर्ट


रॉटरडॅम, २० एप्रिल

लुबर्ट,

तू केलंस. तू त्यांना बाहेर ठेवून वेस लावलीस, आणि ते ठोकत असताना वही धरून उभा राहिलास. हे मी लिहिलं. मंजूर करायला इथे कुणी नाही, त्यामुळे कुणी बदलणारही नाही. मी तुला क्षमा करत नाही. करता येत नाहीये, प्रयत्न केला.

आता माझं ऐक. मुलगी झाली, चार तारखेला. दोघी बऱ्या आहोत. उशीर त्यामुळे नाही झाला. मला हे लिहायचं नव्हतं म्हणून झाला.

मी बाबांना कधी बोलावलंच नव्हतं.

उलट त्यांनीच मला लिहिलं होतं, नोव्हेंबरात. माझ्यासमोर आहे ते पत्र. लिहितात, "बाई, या हिवाळ्यात मला नदीची भीती वाटते. हे लुबर्टला सांगू नकोस, त्याला पालिकेत तोंड दाखवायचं असतं. मार्चपर्यंत मला ठेवून घेशील का? एक खुर्ची आणि खिडकी असली की पुरे. बर्फ उतरला की मी लगेच जाईन." बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एकदाच मागितलं.

मी उत्तर दिलं की जागा नाही. घर लहान आहे, मालकीण कटकट करते आणि बास्टियानला आवडायचं नाही. सभ्य भाषेत लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला ते नको होते. मला मळमळत होतं, जिना चढवत नव्हता, आणि घरात एक म्हातारा, त्याच्या कोटाला मासळीचा वास, सकाळी पाचला उठून विचारणार की नदी कुठल्या बाजूला. मला वाटलं, एक हिवाळा तर आहे. तुला मात्र लिहीत राहिले की मी बोलावलंय. आणि त्यांनी माझी लाज झाकायला तुला भरतीचा विनोद सांगितला. तू त्याला हट्ट म्हणालास, मीही म्हणाले. हात धरून त्यांना आण, असं वचन तुझ्याकडून घेताना मला काही वाटलं नाही रे, उलट हलकं वाटलं.

तू निदान सभेत उभा राहिलास. मी कुठे उभी राहू? परवा बास्टियानपुढे ते पत्र ठेवलं. मुलीला खांद्यावर घेऊन तो वाचत होता. मी म्हटलं, तुला आवडणार नाही असं मी बाबांना कळवलं होतं. त्याने पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी. म्हातारा खिडकीशी बसला असता, माझी काय हरकत होती?"

आलेडा